पेडल थरथरले तरी पाय काढू नका

या वेळच्या पत्रांत एबीएसबद्दलच्या शंकांची गर्दी आहे. एबीएस म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. आधी चारचाकी, मग दुचाकी.

प्रश्न : ओल्या रस्त्यावर एकदम जोरात ब्रेक दाबावा लागला. पेडल पायाखाली धडधडू लागले, पुढून कर्रकर्र आवाज आला. काहीतरी तुटले असे वाटून मी पाय काढला. मेकॅनिक म्हणतो सगळे ठीक आहे. मग ते काय होते?

मेकॅनिक बरोबर सांगतो आहे. ती धडधड म्हणजे एबीएस आपले काम करत होती, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही पाय काढलात. हे तुमच्या एकट्याच्या बाबतीत घडत नाही. पहिल्यांदा एबीएस लागते तेव्हा बरेच जण दचकून असेच करतात.

आत काय होते ते पाहू. मास्टर सिलिंडरकडून (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) चाकांकडे जाणारे ब्रेक ऑइल वाटेत एका धातूच्या ठोकळ्यातून जाते. हे हायड्रॉलिक युनिट. त्यात प्रत्येक चाकासाठी दोन छोटे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह असतात. एक ऑइल आत सोडणारा, तो एरवी उघडा. दुसरा ऑइल बाहेर काढणारा, तो एरवी बंद. म्हणजे साध्या ब्रेकिंगमध्ये हे युनिट मध्ये असून नसल्यासारखे असते. पायाचा दाब सरळ कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड आवळणाऱ्या भागापर्यंत, पोहोचतो.

एखादे चाक जाम होण्याच्या बेतात आले की आधी आत सोडणारा व्हॉल्व्ह बंद होतो. आता तुम्ही कितीही जोर लावा, त्या चाकाचा दाब वाढत नाही. तेवढ्याने भागले नाही तर दुसरा व्हॉल्व्ह उघडतो, थोडे ऑइल एका लहानशा कप्प्यात निघून जाते, दाब उतरतो आणि चाक पुन्हा फिरू लागते. मग बाहेरचा व्हॉल्व्ह बंद, आतला उघडा, आणि दाब पायरीपायरीने पुन्हा वर. हे चक्र सेकंदाला पंधरा वेळांपर्यंत चालू शकते. कप्प्यात साठलेले ऑइल एक छोटा पंप मास्टर सिलिंडरच्या बाजूला परत ढकलतो. पायाला बसणारे धक्के त्याचेच, आणि कर्रकर्र आवाज पंपाच्या मोटरचा व व्हॉल्व्हच्या उघडझापीचा.

पाय काढल्याने काय गेले, त्याचा हिशेब करून पाहा. ताशी ६० किमी वेगाने गाडी सेकंदाला साधारण १६.७ मीटर जाते. अर्धा सेकंद पाय वर राहिला तर आठ मीटर, म्हणजे दोन गाड्यांच्या लांबीएवढे अंतर ब्रेकशिवाय गेले.

काही इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत पेडल आणि चाकांचा ब्रेक यांच्यात ऑइलचा थेट संबंध राहिलेला नाही. तिथे ही थरथर फार कमी जाणवते किंवा जाणवतच नाही. ती नाही म्हणजे एबीएस बंद आहे, असे समजू नका.

प्रश्न : चाक जाम होणार हे यंत्रणेला आधीच कसे कळते? आणि जाम झाले तर बिघडते काय, गाडी तर थांबतेच ना?

दुसरा भाग आधी घेऊ, कारण एबीएसचे सगळे कारण त्यात आहे.

फिरणारा टायर रस्त्याला दोन दिशांनी धरतो: पुढेमागे, ज्याने वेग कमी होतो, आणि आडवा, ज्याने गाडी वळते. चाक जाम होऊन घासत जाऊ लागले की ती आडवी पकड संपते. उरते ते फक्त घसरण्याच्या उलट दिशेचे घर्षण. पुढची चाके जाम झाली तर तुम्ही स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवा नाहीतर उजवीकडे, गाडी जिकडे चालली होती तिकडेच जाते. मागची आधी जाम झाली तर मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी गिरकी घेते. गाडी थांबते खरी, पण कुठे थांबायचे ते तुमच्या हातात राहत नाही.

सर्वांत जास्त पकड मिळते ती चाक गाडीच्या वेगापेक्षा थोडे हळू फिरत असताना. पक्क्या रस्त्यावर हा फरक ढोबळमानाने १० ते ३० टक्क्यांचा. शंभर टक्के म्हणजे जाम. एबीएसची सगळी धडपड चाकाला या पट्ट्यात ठेवण्याची.

आता कळते कसे? चाकासोबत एक दातेरी किंवा चुंबकीय रिंग फिरते आणि तिच्यासमोर सेन्सर बसवलेला असतो. दाता पुढून गेला की एक स्पंद. स्पंद किती वेगाने येतात त्यावरून चाकाचा वेग. गंमत अशी की साध्या एबीएसला गाडीचा खरा वेग कुठूनच थेट कळत नाही. चारही चाकांचे आकडे ताडून ती त्याचा अंदाज बांधते. पण तिला एक गोष्ट पक्की माहीत असते: साधी गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावरही एका सेकंदात ताशी ३५ किमीपेक्षा फारसा जास्त वेग टाकू शकत नाही. एखादे चाक त्याच्या कित्येक पट झपाट्याने मंदावू लागले, तर गाडी थांबत नाही, ते चाकच घसरायला लागले आहे. चाक पूर्ण थांबायच्या आत हा निष्कर्ष निघालेला असतो.

प्रश्न : एबीएस असलेली गाडी कमी अंतरात थांबते असे विक्रेत्याने सांगितले. किती कमी?

हे वाक्य अर्धवट आहे. कधी कमी, कधी तेवढेच, कधी जास्त.

थांबण्याचे अंतर शेवटी टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण ठरवते, आणि एबीएस घर्षण तयार करत नाही. घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, ०.८ धरला (चांगले टायर, कोरडा रस्ता) तर ताशी ६० वरून निव्वळ ब्रेकिंगचे अंतर साधारण १८ मीटर येते. घर्षणांक ०.४ वर आला, जो निसरड्या ओल्या रस्त्यावर येऊ शकतो, की तेच ३५ मीटर. ताशी ८० ला हे आकडे सुमारे ३१ आणि ६३ मीटर. पाय पेडलवर जाईपर्यंतचा एक सेकंद वेगळा धरायचा: ताशी ८० ला तो २२ मीटर खातो. एबीएस या हिशेबात एवढेच करते की उपलब्ध पकडीचा बहुतेक भाग वापरला जाईल आणि स्टिअरिंग शाबूत राहील. ओल्या रस्त्यावर जाम चाकांच्या तुलनेत त्याचा फायदा ठळक दिसतो, कोरड्यावर थोडा.

उलट सुटी खडी, वाळू, भुसभुशीत बर्फ यांवर एबीएसची गाडी लांब जाऊन थांबू शकते. जाम झालेले चाक तिथे रुतते, स्वतःपुढे मातीचा ढीग जमवते आणि तो ढीगच अडसर होतो. फिरते चाक त्यावरून चढून जाते. उंचसखल रस्त्यावरही तसेच: चाक क्षणभर हवेत उचलले गेले की त्यावरचा दाब सोडला जातो. म्हणून कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून अंतर एरवीपेक्षा जास्तच हवे.

पाणी साचलेल्या भागात टायर पाण्यावर तरंगू लागला तर ब्रेक, एबीएस, स्टिअरिंग कशाचाच उपयोग नसतो. तिथे उपाय दोनच, कमी वेग आणि टायरची शिल्लक नक्षी.

१९८० च्या दशकात म्युनिकमधल्या टॅक्सींची पाहणी झाली होती. एबीएस असलेल्या आणि नसलेल्या टॅक्सींच्या अपघातांच्या प्रमाणात म्हणावा तसा फरक सापडला नाही. एबीएस असलेले चालक गाडी अधिक बेधडक हाकताना दिसले. यंत्रणेने वाचवलेले काही मीटर आपण वेग वाढवून परत देऊन टाकतो, अशी ही तऱ्हा.

प्रश्न : निसरड्यावर ब्रेक सोडत-दाबत, पंप करत लावावा असे मला शिकवले गेले. एबीएसमध्येही तसेच का?

नाही. तो सल्ला एबीएस नसलेल्या गाड्यांचा आहे. १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासवर बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस आली, पण सामान्य गाड्यांपर्यंत ती पोहोचायला बरीच वर्षे लागली. तोवर पंप करणेच शहाणपणाचे होते. एबीएस असताना पंप केले तर प्रत्येक वेळी तुम्ही दाब शून्यावर आणता आणि यंत्रणेला पहिल्यापासून सुरुवात करायला लावता. गाडीत एबीएस आहे की नाही हे माहीत नसेल तर चावी फिरवून मीटर पाहा. एबीएसचा पिवळा दिवा लागून काही सेकंदांत विझला तर आहे.

प्रश्न : मग नेमके करायचे काय? ब्रेक दाबून ठेवून वळवले तर गाडी उलटणार नाही ना? सराव कसा करावा?

पायात असेल नसेल तेवढ्या जोराने पेडल एका दमात खाली दाबा आणि गाडी थांबेपर्यंत, किंवा धोका टळेपर्यंत, तसेच दाबून धरा. हाताच्या गिअरची गाडी असेल तर क्लचही दाबा. नजर जिथून सुटायचे त्या मोकळ्या जागेवर ठेवा. ज्याला धडकण्याची भीती आहे त्याच्याकडे पाहत राहिलात तर हात आपोआप तिकडेच वळतात.

जोराबाबत लोक कमी पडतात, हे वेगळे सांगायला हवे. पेडल झटकन दाबतात, पण पुरेसे खोल नाही, आणि एबीएस लागतच नाही. म्हणूनच १९९० च्या दशकात ब्रेक असिस्ट आले. पेडल किती झपाट्याने खाली गेले यावरून ते आणीबाणी ओळखते आणि उरलेला दाब स्वतः भरते. तुमच्या गाडीत ते नसेल तर तो जोर तुमच्या पायातूनच यायला हवा. त्यासाठी बसण्याची जागा नीट हवी: पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. पाय सरळ ताणला जात असेल तर सीट पुढे घ्या. चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली किंवा एकावर एक दोन मॅट नकोत.

वळवताना स्टिअरिंग लागेल तेवढेच फिरवा. जाम चाकांच्या गाडीत लोकांना सवय असते की कितीही फिरवा, काही होत नाही. एबीएसमध्ये गाडी ऐकते. घाबरून अर्धा फेरा फिरवलात तर ती खरेच रस्त्याबाहेर जाईल. एका गाडीएवढी बाजू घ्यायला स्टिअरिंग थोडे फिरवणे आणि लगेच सरळ करणे पुरते. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना टायरची बरीच पकड थांबण्यात खर्च होत असते, त्यामुळे वळण एरवीपेक्षा रुंद निघेल हेही लक्षात ठेवा.

एका बाजूची चाके ओल्या पानांवर आणि दुसऱ्या बाजूची कोरड्या डांबरावर, अशी वेळ येते तेव्हा गाडी कोरड्या बाजूकडे ओढली जाते. बऱ्याच यंत्रणा अशा वेळी पुढच्या चाकांतील फरक हळूहळू वाढू देतात आणि मागच्या दोन्ही चाकांना कमी पकड असलेल्या चाकाच्या मापाने ब्रेक लावतात. त्याने अंतर वाढते, पण गाडी सावरायला वेळ मिळतो. तुम्ही स्टिअरिंग घट्ट धरून ओढीच्या उलट दिशेला थोडे फिरवायचे.

सरावाला बंदिस्त, मोकळे, सपाट मैदान घ्या, जिथे मागून कोणी येणार नाही. टायरमध्ये सांगितलेली हवा, गाडीत सुटे सामान नाही. ताशी ३० किमीने सुरुवात करून पेडल दणकून दाबा आणि धक्के बसत असताना पाय तसाच ठेवा. जमिनीवर पाणी मारलेले असेल तर एबीएस लवकर लागते. दोन-तीनदा जमले की ताशी ४० ला समोर रिकामे खोके ठेवून त्याच्या बाजूने निघण्याचा प्रयत्न करा. मधूनमधून ब्रेक थंड होऊ द्या. अगदी शेवटच्या मीटरभरात चाक घासल्याचा आवाज आला तर काळजी नको, ताशी पाच-सात किमीखाली बहुतेक यंत्रणा हात काढून घेतात.

प्रश्न : मीटरमध्ये एबीएसचा पिवळा दिवा लागून राहिला आहे. गाडी चालवावी का?

फक्त पिवळा दिवा असेल आणि पेडल नेहमीसारखे घट्ट असेल, तर साधे ब्रेक चालू आहेत, एबीएस बंद आहे. जपून, अंतर ठेवून गाडी मेकॅनिककडे न्या. मोठ्या ब्रेकिंगमध्ये चाके जाम होतील हे गृहीत धरा.

पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर गोष्ट वेगळी. आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे ना ते बघा, मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी. ऑइल किमान खुणेच्या खाली असेल तर गळती असू शकते. गाडी हलवू नका. ऑइल ठीक असूनही दोन्ही दिवे लागले असतील तर बहुधा ईबीडीही बंद पडली आहे. मागच्या चाकांना पुढच्यांपेक्षा किती कमी दाब द्यायचा हे ती ठरवते. ती नसताना जोरात ब्रेक दाबला तर मागची चाके आधी जाम होऊ शकतात, आणि त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे.

बिघाड शोधताना बॅटरीपासून सुरुवात करा. बॅटरी कमजोर असेल तर स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळते आणि दिवा लागतो, पुन्हा चालू केल्यावर जातो. त्यानंतर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या यंत्रणेतले बिघाडाचे कोड वाचणारे उपकरण. सी००३५ हा कोड पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा, सी००४० पुढच्या उजव्याचा, सी००४५ मागच्या डाव्याचा, सी००५० मागच्या उजव्याचा. कोड आला म्हणून लगेच सेन्सर विकत घेऊ नका. कोड त्या सेन्सरच्या सर्किटबद्दल बोलतो. त्यात वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग), रिंग, बेअरिंग सगळे आले. पुढच्या चाकाची वायर स्टिअरिंगसोबत सतत वाकते आणि इन्सुलेशन चांगले दिसत असतानाही आतून तुटते. कपलर उघडून हिरवट गंज आहे का तेही पाहावे.

प्रश्न : सिग्नलला अगदी हळू थांबताना, ताशी दहा-पंधराच्या वेगात, कोरड्या रस्त्यावर एबीएस लागते. पेडल धडधडते आणि गाडी फूटभर पुढे सरकते. दिवा मात्र लागत नाही. दोन ठिकाणी दाखवले, "कोड नाही, म्हणजे दोष नाही" असे उत्तर मिळाले.

दोष आहे, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही, कारण पुढे सरकलेला तो फूट पादचाऱ्याच्या पायावर जाऊ शकतो. कोड न येण्याचे कारण असे: सेन्सरचा सिग्नल पूर्ण गेलेला नाही, फक्त लवकर विरतो. यंत्रणेला वाटते चाक खरेच जाम झाले, आणि ती इमानेइतबारे ब्रेक सोडते. तिच्या लेखी सगळे सुरळीत आहे.

स्कॅनर लावून चारही चाकांचे वेग एकाच वेळी दाखवणारा आलेख उघडा. शेजारी दुसरा माणूस बसवून गाडी ताशी ३० वरून हलक्या ब्रेकने शून्यावर आणा. चारपैकी तीन रेषा हातात हात घालून उतरतील, एक मधेच धाडकन शून्य होईल किंवा करवतीसारखी दातेरी होईल. ते तुमचे चाक.

रेषा एकदम शून्य झाली असेल तर सेन्सर आणि रिंग यांच्यातली फट वाढली आहे असे समजा. ही फट साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर असते. नेमके माप त्या गाडीच्या पुस्तकात. गुंडाळीच्या जुन्या प्रकारच्या सेन्सरचे व्होल्टेज वेगासोबत कमी होत जाते, त्यामुळे फट थोडी वाढली तरी हळू वेगातच आधी सिग्नल जातो. फट वाढण्याचे नेहमीचे कारण गंज: सेन्सर ज्या बैठकीवर बसतो तिथे गंजाची पापडी धरते आणि सेन्सरला वर उचलते. सेन्सर काढून बैठक आणि भोक सँडपेपरने स्वच्छ करा, टोकाला चिकटलेली लोखंडी भुकटी पुसा. सेन्सर अडकला असेल तर हातोड्याने ठोकू नका. गंज सोडवणारे द्रव टाकून थांबा, मग हलकेच दोन्ही बाजूंना फिरवत काढा. चाकाच्या बेअरिंगला लूज असेल तर फट फेऱ्यागणिक बदलते, म्हणून चाक उचलून वरखाली हलवून तेही तपासा.

रेषा दातेरी असेल तर रिंग तडकली असावी. ड्राइव्ह शाफ्टवर (चाकाला इंजिनची ताकद देणारा दांडा) ठोकून बसवलेल्या रिंगच्या खाली गंज फुगतो, रिंग ताणली जाते आणि एका जागी उकलते. उकललेल्या जागी दोन दात्यांमधले अंतर वाढते, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात एक स्पंद उशिरा येतो. टॉर्च धरून चाक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. तडा केसाएवढा असला तरी दात्यांच्या खाचेत दिसतो. नवी रिंग तेवढ्याच दात्यांची हवी. ४८ च्या जागी ४७ बसली तर ते चाक यंत्रणेला कायम दोन टक्के हळू दिसेल.

मल्टिमीटरने मोजायचे तर आधी सेन्सरचा प्रकार पाहा. गुंडाळीच्या सेन्सरचा रोध बहुधा एक ते दोन हजार ओहमच्या आसपास असतो. डाव्या-उजव्याची तुलना करावी. चाक हाताने सेकंदाला एक फेरा फिरवले की एसी व्होल्टेज दिसले पाहिजे. दुसरा प्रकार सक्रिय सेन्सरचा. त्याला युनिटकडून वीज जाते, आणि तो ओहमवर मोजायचा नाही; मीटरच्या करंटने तो खराब होऊ शकतो.

प्रश्न : चाकाचे बेअरिंग बदलल्या दिवसापासून एबीएसचा दिवा लागला आहे. सेन्सरही नवीन टाकला, उपयोग नाही.

बेअरिंग उलटे बसले असण्याची दाट शक्यता. पुष्कळ गाड्यांत आता दातेरी रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो, ज्यावर उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने असतात. डोळ्याला तो काळपट किंवा तपकिरी, गुळगुळीत दिसतो. दुसऱ्या बाजूचे सील साधे. काळपट बाजू सेन्सरकडे आली पाहिजे, बहुतेक गाड्यांत ती आतली बाजू. खात्री करायला चुंबकाचे पट्टे दाखवणारे हिरवट कार्ड मिळते, ते सीलवर टेकवले की ध्रुवांच्या रेघा उमटतात.

बेअरिंग बाजूने बरोबर असेल तर पट्टा खराब झाला असेल. चुंबकाजवळ ठेवलेले, लोखंडी कीस पडलेल्या टेबलावर आपटलेले किंवा प्रेसखाली सीलवरच दाब दिलेले बेअरिंग फिरायला सुरेख आणि एबीएससाठी निकामी असते. ते नकलमध्ये (चाकाचे बेअरिंग धरणारा धातूचा भाग) दाबून बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायचा.

प्रश्न : ब्रेक ऑइल किती दिवसांनी बदलावे? एबीएससाठी वेगळे लागते का?

टाकीच्या झाकणावर जे लिहिले आहे तेच, बहुधा डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१. डॉट ५ हे नाव सारखे वाटले तरी ते सिलिकॉनचे, वेगळ्या जातीचे ऑइल आहे. त्यात हवेचे बारीक बुडबुडे धरून राहतात. व्हॉल्व्हच्या झपाट्याच्या उघडझापीला ते चालत नाही, आणि इतर ऑइलशी ते मिसळतही नाही.

पुस्तकात वेगळे सांगितले नसेल तर दर दोन वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी. हे ऑइल हवेतले पाणी शोषते. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर मानकानुसार किमान १५५ अंशच अपेक्षित असतो. लांब उतारावर कॅलिपर तापला की असे ऑइल उकळते, वाफ होते आणि पेडल तळाला जाते. दुसरे नुकसान हळूहळू होते: पाण्याने हायड्रॉलिक युनिटचे व्हॉल्व्ह आणि पंप आतून गंजतात, आणि ते युनिट बहुधा अख्खेच बदलावे लागते.

पूर्ण बदलायला एका चारचाकीला साधारण लिटरभर पुरते. ऑइल काढताना टाकी कधीही कोरडी पडू देऊ नका. एकदा युनिटच्या आतल्या कप्प्यात हवा शिरली की नुसते पेडल मारून आणि निपल (चाकाजवळचा हवा काढण्याचा स्क्रू) सोडून ती निघत नाही, स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघडून पंप चालवावा लागतो. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबत राहू नका; खाली लाकडी ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरचे सील एरवी ज्या भागात जात नाही तिथला गंज ते सील फाडतो. आणि पातळी उतरली म्हणून नुसते ऑइल ओतू नका. पॅड झिजले की पातळी खाली येतेच, आधी पॅड पाहा.

प्रश्न : मोटरसायकलला एबीएस आहे. वळणावरही बिनधास्त ब्रेक लावता येतो का? आणि मेन स्टँडवर चेनला तेल देताना इंजिन चालू करून मागचे चाक फिरवले तर दिवा लागतो, तो का?

वळणावर बिनधास्त नाही. साध्या एबीएसला फक्त चाके किती फिरतात ते कळते, गाडी किती झुकली आहे ते नाही. झुकलेल्या गाडीत टायरची बरीच पकड आडवी खर्च होत असते. पुढचा ब्रेक खसकन दाबला तर एबीएसने दाब सोडायच्या आत चाक बाजूला निसटू शकते, किंवा गाडी ताठ होऊन वळणाच्या बाहेर जाते. झुकाव मोजून त्याप्रमाणे दाब कमी-जास्त करणारी यंत्रणा २०१३ च्या सुमारास केटीएमच्या ११९० अ‍ॅडव्हेंचरवर बॉशने दिली. आता ती इतरही गाड्यांत येते, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकात तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर नाही असेच धरा.

सरळ रेषेत थांबताना दोन्ही ब्रेक एकत्र, क्लच दाबून. पुढचा लिव्हर एका झटक्यात न ओढता अर्ध्या सेकंदात घट्ट करत न्या. वजन पुढे येऊन टायर दबला की पकड वाढते, आणि मग पूर्ण जोर. लिव्हरमध्ये टकटक जाणवली तरी बोटे सैल करू नका. एकच चॅनल असलेल्या गाडीत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असते. मागचे चाक तुमच्या पायाने जाम होऊ शकते. पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस ही निराळी गोष्ट आहे, ती चाक जाम होण्यापासून वाचवत नाही.

स्टँडवर दिवा लागण्याचे कारण सरळ आहे: मागचे चाक फिरते, पुढचे थांबलेले, यंत्रणेला हा हिशेब जुळत नाही. इंजिन बंद करून चालू करा आणि थोडे अंतर चालवा, दिवा जाईल. न गेल्यास पुढची रिंग पाहा. टायर काढताना पट्टीचा दाब बसून ती वाकते. आणि चेनला तेल देताना इंजिन चालू ठेवू नका, चाक हाताने फिरवा. बोटे चेन आणि स्प्रॉकेटमध्ये जाण्याचे अपघात असेच होतात.

प्रश्न : कच्च्या रस्त्यासाठी एबीएसचा फ्यूज काढून ठेवला तर?

चारचाकीत नको. त्यासोबत ईबीडी आणि गाडी घसरण्यापासून सावरणारी यंत्रणाही जाते. काही मोटरसायकलींत मागच्या चाकाची एबीएस बंद करण्याचे बटण असते, ते वापरा. डांबरी रस्त्यावर आलात की पुन्हा चालू झाली आहे ना, हे मीटरवर बघून घ्या.

प्रश्न : एक टायर फुटला. तात्पुरता वेगळ्या मापाचा बसवला तर एबीएसला चालते का?

थोड्या फरकाचा बहुतेक यंत्रणा सांभाळून घेतात. फरक मोठा असला की ते चाक कायम वेगळ्या वेगाने फिरते, दिवा लागू शकतो आणि एबीएस स्वतःला बंद करते. लहान स्टेपनी दिलेल्या गाडीत स्टेपनीवर छापलेली वेगमर्यादा पाळा, आणि ती शक्यतो इंजिनची ताकद न जाणाऱ्या अ‍ॅक्सलवर ठेवा.